शिखरावरून दिसणारा मुलूख आणि त्याचे छायाचित्र

सह्याद्रीच्या एखाद्या उंच माथ्यावर सहकुटुंब चढून गेलेला गृहस्थ घरी परतल्यावर तेथे काढलेली छायाचित्रे निवांतपणे पाहावयास बसला, म्हणजे त्याच्या तोंडून बहुधा एकच तक्रार ऐकू येते, ती ही की, तेथे जे दिसले ते यात कोठेच उतरलेले नाही. ज्या दरीकडे पाहून बडबडी मुलेही क्षणभर गप्प झाली होती तिच्या जागी एक धुरकट, राखी पट्टा दिसतो. ज्या डोंगररांगांची नावे कोणा जाणत्याने बोट दाखवून सांगितली होती त्या केसाएवढ्या रेषा होऊन क्षितिजाला चिकटलेल्या असतात. आणि उरलेला अर्धाअधिक कागद रिकाम्या आकाशाने व्यापलेला असतो. मग दोषाचे खापर यंत्रावर फुटते आणि अधिक किमतीचा कॅमेरा किंवा मोबाइल घेण्याचा बेत ठरतो. हा खर्च बहुतेक वेळा अनाठायी असतो, असे माझे मत आहे. शिखरावरचा देखावा छायाचित्रात हरवतो याची कारणे पृथ्वीच्या भूमितीत, आपल्या डोळ्याच्या रचनेत आणि मधल्या हवेत दडलेली आहेत, आणि ती एकदा नीट समजून घेतली तर खिशातल्या साध्या मोबाइलनेही पुष्कळ काम साधते.

विवेचनासाठी आपण कळसूबाईचेच शिखर घेऊ. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच असलेले हे महाराष्ट्रातील सर्वोच्च ठिकाण पूर्वीच्या नगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या हद्दीवर उभे आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघणारी वाट मळलेली असून कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्यांची तजवीज केलेली आहे, त्यामुळे शाळकरी मुले आणि पन्नाशी ओलांडलेली मंडळी यांनाही थोड्या दमाने, तीनचार तासांत, माथा गाठता येतो. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे आसपासच्या गावांतील भाविकांची रीघ लागते. पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे तीन बेलाग दुर्ग, दक्षिणेस भंडारदऱ्याचा जलाशय व त्यामागे रतनगड, त्याच्याही पलीकडे हरिश्चंद्रगडाचा विस्तीर्ण माथा, ईशान्येस पट्टा किल्ला, आणि वायव्येकडे अंजनेरी व त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, एवढा मुलूख एकाच जागेवर उभे राहून, नुसती मान फिरवून पाहता येतो. मनुष्य हरखून जातो आणि यंत्र डोळ्यांपुढे धरतो. घोटाळ्यास आरंभ होतो तो येथेच.

उंचीवरून किती लांबचे दिसते याचा भूमितीतील नियम सोपा आहे. मीटरमध्ये मोजलेल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ३.५७ ने गुणले, म्हणजे क्षितिजापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. कळसूबाईच्या उंचीस हा हिशेब लावला तर सुमारे १४५ किलोमीटर असे उत्तर येते, आणि वातावरणात प्रकाशकिरण किंचित वाकत असल्यामुळे प्रत्यक्षात त्यात आणखी थोडी भर पडते. अर्थात हा हिशेब सपाट समुद्राचा झाला. पूर्वेकडील पठार मुळातच बरेच उंच असल्याने त्या बाजूस मर्यादा आखडते. पश्चिम किनारा मात्र येथून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे, म्हणजे नुसत्या भूमितीच्या दाखल्याने समुद्रही दृष्टीच्या टप्प्यात यावयास हवा. तो सहसा दिसत नाही याला कारण मधली हवा, आणि तिच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

येथे भूमितीची दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, आणि माझ्या समजुतीने शिखरावरच्या साऱ्या निराशेचे मूळ तीच आहे. उंचीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतून अगदी आडवी रेषा काढली तर क्षितिज त्या रेषेच्या थोडे खालीच राहते. कळसूबाईवरून हा उतार सव्वा अंशाच्या आसपास भरतो. आता, ज्या शिखरावर आपण उभे आहोत ते राज्यातील सर्वांत उंच, म्हणजे भोवतालचे एकही शिखर त्या आडव्या रेषेच्या वर डोके काढू शकत नाही. पायथ्याकडून पाहताना आभाळात घुसलेले वाटणारे कुलंगाचे कडे येथून आपल्या पायांखाली असतात, आणि ज्याच्या उंचीचा आपल्याला धाक वाटतो तो डोंगरच वरून पाहिल्यावर जमिनीवरची सुरकुती होऊन बसतो. म्हणजे ज्या सर्वोच्चपणाच्या ओढीने आपण एवढी चढण चढलो, तोच सर्वोच्चपणा डोंगरांच्या चित्राचा शत्रू ठरतो. डोंगर उंच दिसावयाचे असतील तर पाहणाऱ्याने त्यांच्यापेक्षा खाली, निदान त्यांच्या बरोबरीस उभे राहावे लागते.

अंतराने होणाऱ्या आकुंचनाचा हिशेब तर याहून बोलका आहे. उत्तरेकडे सप्तशृंगाच्या आसपासची सातमाळ्याची शिखरे कळसूबाईपासून सुमारे ९० किलोमीटर दूर आहेत. त्यांतील एखादे शिखर आपल्या भोवतीच्या पठारापासून ७०० मीटर उंच उठले आहे असे धरले, तर एवढ्या अंतरावरून ते जेमतेम अर्धा अंश उंच दिसणार. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंबही तेवढेच असते. मोबाइलचे नेहमीचे भिंग आडव्या दिशेने साधारण ७० अंशांचा प्रदेश टिपते, आणि चित्र ४,००० बिंदू रुंद असेल तर एका अंशाच्या वाट्यास सत्तावन्न बिंदू येतात. यावरून तो अख्खा पर्वत चित्रात पंचवीस-तीस बिंदूंचा होणार हे उघड आहे. त्याची खाच, त्याचा कडा, त्याच्या पोटातली सावली, या साऱ्यांनी पंचवीस बिंदूंत राहावे कसे?

मग प्रत्यक्ष पाहताना तो पर्वत आपल्याला एवढा मोठा का वाटला? कारण डोळा कॅमेऱ्याप्रमाणे एका दमात सगळे टिपून घेत नाही. आपल्या दृष्टिपटलाचा अत्यंत तीक्ष्ण भाग फार लहान असतो. हात लांब करून आंगठा उभा धरला असता त्याच्या नखाची रुंदी जेवढी दिसते, तेवढ्याच भागात डोळा बारकावे पाहू शकतो. दृष्टी सतत फिरत राहते, एकेका जागी थबकते, जे मोलाचे वाटेल त्यावर रेंगाळते, आणि मन या तुकड्यांतून एक भव्य देखावा रचते, त्यात मधली रिकामी जागा वगळून टाकते आणि चढ-उतारांस त्यांच्या वास्तव प्रमाणाहून अधिक उभेपणा देते. डोंगरउताराचा कोन अदमासाने सांगावयास लावला तर बहुतेक माणसे तो खऱ्यापेक्षा बराच मोठा सांगतात. कॅमेऱ्याला मन नाही. त्याला त्र्यंबक आणि रिकामे आभाळ यांत डावे-उजवे करता येत नाही, म्हणून तो दोघांनाही सारखेच मोजमाप देतो.

या विवेचनातून निघणारा पहिला व्यावहारिक निष्कर्ष असा की, शिखरावर गेल्यावर रुंद चित्र काढण्याचा मोह आवरावा आणि अरुंद चित्र काढावे. विशालतेचा भास सर्व काही चौकटीत कोंबल्याने होत नसतो. हात पूर्ण लांब करून मूठ वळली, तर तिची रुंदी दृष्टीच्या सुमारे १० अंशांएवढी भरते. छायाचित्रकारांच्या परिभाषेत २०० मिलिमीटरचे म्हणून जे दूरभिंग ओळखले जाते, ते जवळजवळ नेमका या एका मुठीएवढाच प्रदेश चौकटीत घेते, तर मोबाइलचे साधे भिंग सात मुठींचा प्रदेश घेते. यंत्र बाहेर काढण्यापूर्वी मुठीने क्षितिज मोजत जावे आणि कोणत्या एका-दोन मुठींत खरोखर काही घडत आहे ते पाहावे: रतनगडाच्या मागे हरिश्चंद्रगड अर्धवट डोकावतो ती जागा, जलाशयाचे पाणी दोन सोंडांच्या मध्ये शिरते ती जागा, अलंग आणि मदन यांच्यामधली खिंड. मोबाइलला वेगळे दूरभिंग असेल तर ते वापरावे; नसेल तर पडद्यावर दोन बोटे फाकवून केलेले वर्धन म्हणजे केवळ कात्रण असते, त्याने नवा तपशील मिळत नाही, ही जाणीव मात्र असू द्यावी.

दुसरा निष्कर्ष लोकांना रुचत नाही, पण तो सांगितलाच पाहिजे. सर्वांत चांगले चित्र माथ्यावर मिळतेच असे नाही, किंबहुना ते बहुधा माथ्याखाली मिळते. शेवटच्या शिडीच्या अलीकडे जी सोंड लागते तेथे थांबून वर पाहिले असता शिखराचा सुळका आभाळात उठलेला दिसतो, शिडीवरून चढणारी माणसे मुंग्यांएवढी होतात, आणि डोंगर किती मोठा आहे हे कोणास सांगावे लागत नाही. खुद्द कळसूबाईचे रूप पाहावयाचे तर ते भंडारदऱ्याच्या काठावरून किंवा रतनगडावरून पाहावे. माथ्यावर उभ्या असलेल्या माणसास सारा मुलूख दिसतो, पण कळसूबाई तेवढी दिसत नाही.

आता हवेची कैफियत. आपण हवेला रिकामी समजतो, परंतु दूरच्या डोंगराकडे पाहताना आपण डोंगरापेक्षा मधली हवाच अधिक पाहत असतो. हवेच्या रेणूंवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवून दिल्याप्रमाणे हे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे तांबड्यापेक्षा निळा प्रकाश चार-पाच पटींनी अधिक विखुरतो. डोंगर आणि आपण यांच्यामधली हवा अशा रीतीने स्वतःच निळसर प्रकाश देऊ लागते, म्हणून दूरचे डोंगर निळे दिसतात. धूळ, धूर आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब यांचे कण मात्र रेणूंपेक्षा पुष्कळ मोठे असल्याने ते सर्व रंगांस जवळजवळ सारखेच विखुरतात आणि निळाईच्या जागी पांढुरका मळकटपणा आणतात. पहिले सौंदर्य आहे, दुसरे मालिन्य; आणि छायाचित्र काढावयास जाणाऱ्याने आपला दिवस ठरवताना पहिल्याची अपेक्षा व दुसऱ्याची धास्ती बाळगावी.

या मालिन्याचा हिशेबही मांडता येतो. काळ्या वस्तूचा आकाशाशी असलेला उठाव अंतराबरोबर कसा क्षीण होत जातो याचे गणित कोशमीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये मांडले, आणि उठाव मूळच्या दोन टक्क्यांवर येतो त्या अंतरास दृश्यमानतेची सीमा मानण्याचा प्रघात त्यावरून पडला. समजा, एखाद्या दिवशी ही सीमा ३० किलोमीटर आहे. तर दर सव्वापाच किलोमीटरला उठाव निम्मा होत जातो. रतनगड कळसूबाईपासून सुमारे ११ किलोमीटरवर आहे, त्याच्या वाट्यास जेमतेम पाव उठाव उरतो. २४-२५ किलोमीटरवरच्या हरिश्चंद्रगडाकडे चार टक्के उरतात, आणि ४० किलोमीटरवरचे त्र्यंबक नाहीसेच होते. तीच सीमा १०० किलोमीटरवर गेली, तर हरिश्चंद्रगड जवळजवळ चाळीस टक्के आणि त्र्यंबक वीस टक्के उठाव राखून उभे राहतात. दोन्ही दिवशी शिखर तेच, यंत्र तेच, काढणारा तोच. फरक पडतो तो केवळ हवेमुळे, आणि कितीही किमतीचे भिंग हा फरक भरून काढू शकत नाही.

हवा स्वच्छ केव्हा मिळते याचे उत्तर खेड्यातल्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाइतकेच ठाऊक असते. मार्च ते मे या महिन्यांत घाटमाथ्यावर व कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजले जातात, डोंगरउतारांवरचे गवत पेटते, वाऱ्याबरोबर पठाराची धूळ उठते, आणि त्या दिवसांत माथ्यावरून पाहणाऱ्याला आपलाच पायथा धुरकट दिसतो. वळवाची एखादी जोराची सर येऊन गेली तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र अपवाद असते. धुळीचे कण पावसाबरोबर खाली येतात आणि काही तास तरी हवा धुतल्यासारखी होते. पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, हाच प्रकार महिनाभर चालतो. त्या वेळी उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात, दऱ्यांत सकाळी ढग साचलेले असतात आणि वरती आकाश निरभ्र असते. पुढे थंडीत आकाश स्वच्छ राहते खरे, पण पहाटेच्या वेळी थंड हवेचा थर खाली बसतो आणि त्यावर उबदार हवेचे झाकण पडते; गावोगावचा धूर त्या झाकणाखाली कोंडला जातो. अशा सकाळी शिखर या थराच्या वर असल्याने दूरची उंच शिखरे स्पष्ट दिसतात आणि मधली खोरी मात्र दुधाळ होतात. हे दृश्य वाईट नसते; खोऱ्यांतल्या धुराच्या वर निघालेल्या रांगा एकीमागे एक मोजता येतात. ज्यांना कुटुंबासह एकदाच जाणे शक्य आहे त्यांनी सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबरची अखेर या काळातला, शक्यतो पाऊस पडून गेल्याच्या लगतचा दिवस निवडावा, असे मी सुचवीन. पावसाळ्याच्या भरात शिड्या आणि कातळ निसरडे असतात, आणि माथ्यावर ढगांशिवाय काही दिसेलच याची खात्री नसते.

दिवस ठरला, तरी प्रहर ठरवावयाचा राहतोच. मेच्या मध्यास आपल्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या पायांखाली गोळा होतात आणि डोंगरांची घडण पुसून जाते. याउलट डिसेंबरात मध्यान्हीलासुद्धा सूर्य दक्षिणेकडे कलून जेमतेम ४७ अंश उंच राहतो. याचा परिणाम असा की, हिवाळ्यात कळसूबाईवरून रतनगड व हरिश्चंद्रगड यांच्याकडे पाहणाऱ्याच्या समोर दिवसभर सूर्य असतो, तर त्र्यंबककडे पाहणाऱ्याच्या पाठीशी. पाठीशी सूर्य असता रंग पुरेपूर येतात, परंतु सारे पुठ्ठ्याच्या चित्रासारखे चपटे दिसते. समोर सूर्य असता रंग लोपतात, पण हवेतील कण उजळून प्रत्येक रांग पुढच्या रांगेपासून सुटी होते, आणि जवळची गडद, त्यामागची फिकी, त्यामागची त्याहून फिकी असे थर पडतात. खोलीचा आभास निर्माण करण्याचे हे हवेचेच सामर्थ्य आहे. म्हणून दक्षिणेकडच्या चित्राची लोक जी टाळाटाळ करतात ती मला पटत नाही. सूर्य प्रत्यक्ष चौकटीत येऊ न देता, टोपीने भिंगावर सावली धरून, नेमके तिकडेच यंत्र रोखावे. संगणकावर धुके नाहीसे करणारी जी युक्ती आता सर्रास उपलब्ध आहे, तीही फार तर किंचित वापरावी. धुके साफ पुसले की अंतरही पुसले जाते आणि चाळीस किलोमीटरवरचा ब्रह्मगिरी शेजारच्या टेकाडासारखा येऊन बसतो.

सूर्योदयाला माथ्यावर असण्याचे धाडस ज्यांना जमेल त्यांनी पूर्वेकडे पाहून झाल्यावर पाठही फिरवावी. शिखराची सावली तेव्हा पश्चिमेकडे पसरलेली असते आणि विषुवदिनाच्या सुमारास ती बरोबर पश्चिमेच्या रोखाने जाते. ती नेहमी टोकदार त्रिकोणी दिसते. डोंगराचा आकार कसाही असला तरी त्याची सावली त्रिकोणीच भासावी याचे कारण, सरळ रस्त्याच्या दोन कडा दूर जाताना जशा एका बिंदूत मिळाल्यासारख्या वाटतात त्याच दृष्टिभ्रमात आहे. त्या बाजूच्या दरीत ढग साचलेले असतील, तर ढगांवर आपल्या सावलीच्या मस्तकाभोवती रंगीत वलय दिसण्याचाही योग असतो. गिरिभ्रमण करणारे त्यास इंद्रवज्र म्हणतात. दख्खनच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावरील अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केलेले असून त्यांचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये प्रसिद्ध केला. यातली गंमत मुलांना अवश्य दाखवावी: शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकास ते वलय स्वतःच्याच मस्तकाभोवती दिसते, दुसऱ्याच्या नाही, आणि छायाचित्रात ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती येते.

ढगांच्या समुद्राचे चित्र काढताना एक तांत्रिक अडचण येते. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे शुभ्र ढग त्याच्या हाती मळकट होतात. पडद्यावर प्रकाश वाढवण्याची जी खूण असते ती एक मात्रा वर सरकवली म्हणजे ढग पुन्हा ढग दिसू लागतात. याच्या उलट, उजळ आकाशासमोर माणसे उभी केली की माणसे काळवंडतात. तेथे चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश मोजू द्यावा, नाहीतर फ्लॅशचा उपयोग करावा. भर उन्हात फ्लॅश लावणाऱ्यास लोक हसतात, पण त्याची खरी गरज तेव्हाच असते.

या सोयी पाहिल्या की पूर्वसूरींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीय गृहस्थ तिच्या कारभारात होते. त्या काळी काच ओली असतानाच चित्र घेऊन, ती वाळण्यापूर्वी जागच्या जागी तंबूत धुवावी लागे. ऑग्यूस्त बिसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १८६१ मध्ये माँ ब्लाँच्या माथ्यावर चित्रे घेतली तेव्हा त्याच्या सामानासाठी पंचवीस हमाल लागले, आणि सॅम्युएल बोर्नने १८६६ मध्ये हिमालयातील मणिरंग खिंडीत, १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, काचा धुतल्या. इतका खटाटोप करून मोजकीच चित्रे हाती येत असल्याने ही माणसे यंत्र उभे करण्यापूर्वी चांगली वेळ घेऊन पाहत.

सहकुटुंब गेलेल्या माणसाला मात्र एक गोष्ट अनुकूल आहे, आणि नेमका तिचाच तो उपयोग करून घेत नाही. त्याच्याजवळ माणसे असतात. शिखरावरच्या देखाव्यात मोजमापाला काहीच नसते. समोरचा कडा शंभर फुटी आहे की हजार फुटी, हे चित्रावरून कोणास उमगत नाही, आणि माणसाची आकृती हेच त्यावरचे एकमेव खात्रीचे माप आहे. पण आपण काय करतो? देवळासमोर सर्वांना एका ओळीत, यंत्रापासून चार पावलांवर उभे करतो. मग माणसे चौकट भरून टाकतात आणि मुलूख त्यांच्या कानांमागे जातो. स्वतःच हात लांब करून काढलेल्या सेल्फीची तऱ्हा याहून वाईट, कारण तीत नाक सर्वांत पुढे आणि सह्याद्री सर्वांत मागे असतो. त्यापेक्षा मंडळींना वीस-पंचवीस पावलांवर, कड्यापासून सुरक्षित अंतरावरच्या एखाद्या कातळावर बसू द्यावे, त्यांनी यंत्राकडे न पाहता दरीकडे पाहावे, आणि शक्य असेल तर दूरभिंगाने चित्र घ्यावे. असे दुरून घेतले की मागचे डोंगर माणसांच्या तुलनेत मोठे होतात, आणि कुटुंब व मुलूख दोघांचाही मान राहतो. लहान मुलांना ‘हस’ म्हणून सांगू नये. त्यांना समोरचा एखादा किल्ला शोधावयास सांगावा, म्हणजे बोट, नजर आणि चेहरा आपोआप जागेवर येतात. आजी-आजोबा शेवटच्या शिडीपाशीच थांबणार असतील, तर त्यांचे चित्र तेथे, त्यांच्या मागे उतरत गेलेल्या वाटेसह घ्यावे. माथ्यावर न पोचलेल्या माणसाचे चित्र पुष्कळदा पोचलेल्याच्या चित्राहून बरे उतरते.

सबंध क्षितिजाची लांब पट्टी काढण्याची मुभा आता प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. ती जरूर काढावी, पण दाखला म्हणून, चित्र म्हणून नव्हे. यंत्र उभे धरावे, हात लांब न करता ते छातीजवळ ठेवून त्याच्या जागीच फिरवावे आणि कडेला जवळचा खांब किंवा कठडा येऊ देऊ नये, कारण जवळच्या वस्तूंचे सांधे जुळत नाहीत. मुलांना त्या पट्टीतून बाहेर ठेवावे. ती धावत असली तर एकाच मुलाची दोन अर्धी रूपे चित्रात येतात.

सावधगिरीचा मजकूर रुक्ष असला तरी तो वगळता येणार नाही. डोळा यंत्राला लावून एकही पाऊल टाकू नये, मागे तर मुळीच नाही. चित्र घेताना दुसऱ्या एका मोठ्या माणसाने मुलांवर लक्ष ठेवावे. शिडीवर असता कॅमेरा गळ्यात लोंबकळत न ठेवता पिशवीत ठेवावा आणि दोन्ही हात मोकळे असावेत. कातळात आग्या मोहोळ दिसल्यास जवळून चित्र घेण्याचा हट्ट न करता, गलका व धूर न करता पुढे निघावे. परतीचा वेळ सूर्यास्ताच्या मोहापायी खाऊ नये. अंधारात शिड्या उतरणे कुटुंबाच्या सहलीत बसत नाही.

घरी आल्यावर शेकडो चित्रांतून दहाबारा निवडून बाकीची काढून टाकावीत, आणि त्या दहाबारांचा खरा बंदोबस्त करावा. कोणते शिखर कोणते, हे महिन्याभरात विसरले जाते, म्हणून माथ्यावर असतानाच वाटाड्याकडून किंवा बारीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या गावकऱ्याकडून नावे विचारून घ्यावीत आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ती ताडून पाहावीत. यंत्र तारीख आणि वेळ नोंदवते, पण अलंग, मदन, कुलंग ही नावे ते लिहून ठेवीत नाही. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, निवडलेल्या चित्रांची कागदावर प्रत काढून घ्यावी, तिच्या पाठीमागे दिशा, दिवस व प्रहर लिहावा, शिखरांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडावीत, आणि त्यांच्याखाली त्या दिवशी बरोबर असलेल्या प्रत्येकाचे नाव व वय न चुकता टिपून ठेवावे.